एक्केचाळीस पांढरे दगड

माझ्या गादीखाली आठ वर्षं वाळलेला पाला होता. गंमत नाही करत. वर्तमानपत्राच्या घडीत एकेक रोप मुळाफुलांसकट पसरायचं, त्यावर दुसरं वर्तमानपत्र, असा वीतभर गठ्ठा करून तो आमच्या गादीखाली सारायचा, म्हणजे रात्रभर नीट दाबला जातो. "तुझं वजन या कामाला अगदी योग्य आहे," असं हे एकदा म्हणाले होते. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण माझी एवढी स्तुती त्यांनी पुन्हा केलेली नाही.

हे म्हणजे दारावरच्या पाटीवरचे प्रा. का. ग. लगड. नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. केडगावात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत आमच्यापेक्षा बाकीच्यांचाच हक्क जास्त. खिडकीच्या कडीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं, तर एक अख्खा हिवाळा खिडकी लावायची नाही. मी आणि रंजना, आमची मुलगी, स्वेटर घालून झोपायचो, आणि हे रोज सकाळी त्या मातीच्या गोळ्यापाशी डोळे लावून उभे. अंगणातल्या लिंबाला बहर कधी आला, ती तारीख वहीत लिहिलेली असायची. रंजनाच्या वाढदिवसाची आठवण मात्र मीच करून द्यायची. माणसांशी यांचं वाकडं होतं असं नाही. माणसं यांना दिसायचीच नाहीत.

आणि या सगळ्याच्या वर खरपुडी.

खरपुडी म्हणजे माळरानावरचा एक बोटाएवढा वेल. पावसाळ्यात उगवतो, त्याला कंदिलासारखं हिरवट-जांभळं फूल येतं, त्यात चिलटं अडकतात, आणि दिवाळीच्या आत सगळा वेल वाळून उडून जातो. उरतो तो जमिनीखालचा कंद, लहान बटाट्याएवढा. पुढच्या पावसापर्यंत त्याचा मागमूस लागत नाही. माझं माहेर पारनेरच्या पलीकडे दोन कोसांवर, आणि गावामागच्या म्हसोबाच्या टेकडीवर या खरपुड्या होत्या. लग्नानंतरच्या नागपंचमीला मला न्यायला म्हणून हे आले, पाय मोकळे करायला टेकडीवर गेले आणि दिवेलागणीपर्यंत परतलेच नाहीत. आईने जावयासाठी केलेल्या पुरणाच्या दिंडांचा पार दगड झाला. परतले ते गुडघे मातीने माखलेले, आणि तोंडावर असला आनंद, जो लग्नाच्या मांडवातसुद्धा मला दिसला नव्हता.

"लहानपणी आम्ही शेळ्यांमागे जायचो, तेव्हा खूप खाल्ल्यात खरपुड्या," मी आपलं सहज म्हणाले. "कच्च्याच. परकराला पुसायच्या की तोंडात."

खुनी माणसाकडे बघावं तसं बघितलं यांनी माझ्याकडे. कशी खणायचात, किती खणायचात, कोणत्या दिवसांत, काही एक विचारलं नाही. त्यानंतरही कधी विचारलं नाही. पुण्याच्या सरांना पत्रं लिहिली, कलकत्त्याला लिहिली, विलायतेतल्या कुणा साहेबाला लिहिलं. घरात बसलेल्या बाईला विचारायचं मात्र सुचलं नाही.

त्या कंदावर यांचा प्रबंध सुरू झाला. दर पावसाळ्यात टेकडीवर जाऊन प्रत्येक वेलाची पानं मोजायची, फुलं मोजायची, शेंगा मोजायच्या. एकाच जागेवर तेच वेल किती वर्षं जगतात, कशाने मरतात, असा काहीतरी विषय. वेल वाळल्यावर जागा सापडायची नाही, म्हणून यांनी एकेका कंदावर एकेक दगड ठेवला. दगडाला पांढराशुभ्र चुना, त्यावर डांबराने आकडा. एक ते एक्केचाळीस. एसटीने चुन्याची पिशवी घेऊन जाणारा दुसरा प्रोफेसर तुम्ही बघितलाय का? मी बघितलाय, त्याच्या शेजारच्या बाकावर बसून. पॅन्टवर चुना, आणि ती पॅन्ट धुणारी मी.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. टेकडीवर एकही वेल वर आला नाही. यांनी तेही वहीत लिहिलं आणि म्हणाले, "कंद जिवंत असतात. दोन-दोन वर्षं दम धरतात. हीच तर गंमत आहे." त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात पुण्याचे सर, यांचे मार्गदर्शक, जागा बघायला येणार, मग प्रबंध पुरा, मग पदवी, असा हिशोब होता. केडगावात तेव्हा नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. मी अंघोळीचं पाणी कपड्याला आणि कपड्याचं मोरीला वापरायची, आणि हे त्यातलं तांब्याभर चोरून कुंड्यांना घालायचे. पकडले की म्हणायचे, "अगं, त्यांना तहान लागली म्हणून सांगता येत नाही." मला सांगता येत होतं. मी ओरडून सांगत होते.

मार्चातली गोष्ट. सकाळी चहा पिता पिता यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. चेहरा पांढरा पडलेला.

"काय झालं?"

"दुष्काळी भागात लोक कंदमुळं खणून खातायत, असं लिहिलंय." आणि लगेच, "रतन, माझ्या खरपुड्या!"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "लोकांवर मुळं खायची वेळ आलीय, ती माझ्या माहेरची माणसं आहेत, आणि तुम्हाला खरपुड्यांची पडलीय?"

"तसं नाही..."

"तसंच आहे! छबूकाकी जगली का मेली, विचारलंत एकदा तरी?"

आईवडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे माझी चुलती, छबूकाकी. टेकडीच्या पायथ्याला सरकारने पाझर तलावाचं दुष्काळी काम काढलं होतं, त्यावर ती माती वाहत होती. साठीला आलेली बाई. यांना त्याचं काही नव्हतं. रविवारी पहाटेच्या पारनेर गाडीने जायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. मी रंजनाला शेजारी ठेवलं, काकीसाठी गव्हाचं पीठ बांधून घेतलं आणि बरोबर निघाले. हा माणूस एकटा गेला असता तर ऊन लागून पडला असता, आणि पडल्या पडल्या गवत मोजत बसला असता.

नऊच्या सुमाराला आम्ही टेकडीवर पोचलो. टेकडी नुसती खापरासारखी तापलेली. खाली तलावाच्या कामावर माणसांची रांग हलताना दिसत होती. दगड मात्र सगळे जागच्या जागी, ओळीने, पांढरे. मला वाटलं, पडला एकदाचा जीव भांड्यात. यांनी पहिला दगड उचलला. खालची माती भुसभुशीत होती.

यांनी खुरपं काढलं आणि उकरलं. कंद नव्हता. सुपारी चिरल्यावर निघते तशी एक चकती तेवढी निघाली.

"खाल्ला," हे म्हणाले. "वरचा कचरा टाकून दिलाय."

दुसरा दगड. तीच गत. तिसरा. मग हा माणूस जो गुडघ्यावर बसला, तो उठलाच नाही. दगड बाजूला, खुरपं, माती, चकती बाहेर, वही. "क्रमांक चार, कंद नाही. क्रमांक पाच, कंद नाही." मी म्हटलं, "अहो, पाच बघितले, कळलं ना आता? बाकीचे कशाला उकरताय?"

"नोंद झाली पाहिजे."

"कसली नोंद? गेलंय ते गेलंय!"

"अंदाजाने लिहून चालत नाही, रतन. प्रत्येक बघावा लागतो."

मी कपाळाला हात लावला. तिथे एक वठलेली बोर होती, तिच्या फाटक्या सावलीत जाऊन बसले, यांच्याकडे पाठ करून. रागाने. मला बघायचंच नव्हतं. मागून खुरप्याचा आवाज आणि आकडे येत राहिले. क्रमांक अकरा. क्रमांक अठरा. मधूनच यांचा आवाज कापरा व्हायचा, आणि खरं सांगते, मला दया आली नाही. खाली माणसं डोक्यावरून माती वाहत होती आणि हा माणूस बटाट्याएवढ्या कंदासाठी रडकुंडीला आला होता. मी मान वळवलीच नाही.

ऊन डोक्यावर आलं. खाली कामावर जेवणाची सुट्टी झाली. "क्रमांक तीस," हे म्हणाले, तेव्हा मात्र मी उठून जवळजवळ किंचाळलेच. "पुरे! आत्ताच्या आत्ता खाली चला. काकीच्या दोन घासांची वेळ आहे, ती गेली की बाई पुन्हा पाटी उचलेल. तुमचे ते अकरा दगड कुठे पळून जात नाहीत!"

काय आश्चर्य, यांनी ऐकलं. बहुधा दमले असावेत.

छबूकाकी एका खडकाच्या आडोशाला चार-पाच बायकांबरोबर बसली होती. जावई दिसताच तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि गडबडून उठली. अंगावर मूठभर मांस राहिलेलं नव्हतं. मी गळ्यातच पडले.

"बसा, जावयबापू, बसा. आगं रतने, कळवायचं तरी. आता काय वाढू मी जावयाला?" तिने फडकं सोडलं. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, कामावर मिळालेली सुकडीची भुकटी, मिरचीचा ठेचा. मग तिने कनवटीला हात घातला, एक पुरचुंडी काढली, आणि यांच्यापुढे सोडली. निखाऱ्यावर भाजलेल्या पाच खरपुड्या.

यांनी भाकरीकडे पुढे केलेला हात मागे घेतला.

"घ्या की! तुमच्याच हायेत," काकी म्हणाली. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "आक्षी मोठ्या मोठ्या निवडून ठिवल्यात. म्हनलं, जावई कवातरी येत्याल."

"माझ्याच?" यांनी विचारलं.

"मंग? ती पांढरी दगडं तुमीच लावल्यात न्हवं? माघ सरला आन् घरात दाना ऱ्हायला न्हाई. म्या वर काटक्याला गेल्ते. एक दगड उचलला तर खाली खरपुडी. दुसरा उचलला तर खरपुडी. म्या ह्यास्नी सांगितलं, आगं, आपल्या जावयानं केवढं डोकं चालिवलंय! येवढा शिकल्याला मानूस, उगं दगडाला चुना लावीत फिरंल व्हय? अडीनडीला गावाला घावावं म्हनून खुना करून ठिवल्यात. न्हाई तर या दिसात खरपुडी कुनाला घावती?"

"चार दीस पोरं गप निजली, बापू," दुसरी एक बाई म्हणाली. "तुमचं लई भलं हुईल."

मी यांच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, देवा, या माणसाने आता खरं बोलू नये. कंद, प्रबंध, पुण्याचे सर, काही काही काढू नये. यांनी काढलं नाही. एक खरपुडी उचलली, सोलली आणि खाल्ली. आठ वर्षं जिची पानं मोजली, तिची चव यांनी तेव्हा पहिल्यांदा घेतली. डोळ्यांतून पाणी येत होतं. बायकांना वाटलं, ठेचा तिखट लागला.

"आन् काळजी करू नगा," काकी समजावणीच्या सुरात म्हणाली. "समद्यांचा डोळा परत लावलाय. दगडं बी जागच्या जागी ठिवल्यात."

"डोळा?"

"वरची चकती ओ. ती कापून जागच्या जागी पुरायची, माती लोटायची. पानी पडलं की परत धरती. समदंच खाल्लं तर फुडच्या साली काय करायचं? आमची सासू तर डोळा पुरला न्हाई तर हातातला घास काढून घ्यायची." मग ती टेकडीकडे मान वळवून म्हणाली, "पर आज सकाळपासनं वर काय उकरतंय कुनाला ठावं. लांबनं दिसत हुतं. रानडुक्कर म्हनावं, तर भर दिवसा कसं यील?"

उचललेली दुसरी खरपुडी हातात तशीच धरून हे उठले. आधी चालायला लागले, मग पळायला.

आणि मी? मला तर ठाऊक होतं! सात वर्षांची असताना डोळा न पुरता खरपुडी खाल्ली, म्हणून याच छबूकाकीने माझ्या पाठीत धपाटे घातले होते. पहिल्याच वेळी, नाहीतर निदान एकदा मागे वळून, मी त्यांच्या हातातली चकती धड बघितली असती, तर मला तेव्हाच आठवलं असतं. तीस वेळा त्यांनी चकती उपसून उन्हात टाकली आणि पहिल्या पाच सोडल्या तर प्रत्येक वेळी मी बोरीखाली पाठ करून बसले होते. नऊ वर्षांत त्यांनी मला विचारलं नाही, हे खरं. पण मीही रागात कधी सांगितलं नाही, हेही खरंच. मला स्वतःचाच संताप आला.

काकीला मी भराभर खरं काय ते सांगितलं. "म्हंजी डुक्कर न्हवं, जावई व्हय," एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या कळशीत टँकरचं जे पाणी होतं, ते सगळं माझ्या तांब्यात ओतलं. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "घिऊन पळ. म्या भागविते."

वर हे गुडघ्यांवर होते. चकत्या उन्हात पडून कडा वळलेल्या, काही तर पार चिवट झालेल्या. ते खड्डा करायचे, चकती ठेवायचे, मी घोटभर पाणी घालायची, माती लोटायची. तिसाव्याला पाणी संपलं. उरलेल्या अकरा दगडांना यांनी हात लावला नाही.

परतीच्या गाडीत पारनेर सुटल्यावर हे म्हणाले, "सुरणाला डोळा असतो, त्यापासून नवीन रोप येतं, हे मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो."

"माहीत आहे," मी म्हणाले. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी आणखी दहा वाक्यं ऐकवली असती.

जुलैअखेर टेकडी हिरवी झाली, तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. न उकरलेल्या अकरांपैकी नऊ वर आले होते. उकरलेल्या तिसांपैकी तीन. पुण्याचे सर ठरल्याप्रमाणे आले, बारा वेल बघितले, सगळी हकिकत ऐकली आणि हसले. भला माणूस. म्हणाले, "लगड, तक्त्यात दुष्काळ लिहा आणि मोकळे व्हा. दुष्काळ होताच की. कोण विचारतंय?"

यांनी मान हलवली, आणि घरी येऊन स्वतःला पाहिजे तेच लिहिलं. सरांनी दोनदा परत पाठवलं. आठ वर्षांचा प्रबंध एका शब्दावर अडला, आणि हा माणूस दुधाच्या बाटल्यांमागे दडलेल्या पालीला हुसकू नकोस, असं मला सांगत होता. मी भांडले, अबोला धरला, रंजनाची शपथ घातली. "एकच शब्द लिहायचाय हो! खोटासुद्धा नाही तो पुरता!" हे म्हणायचे, "अंदाजाने लिहून चालत नाही, रतन."

प्रबंधाची स्वच्छ प्रत मीच काढत असे. मॅट्रिकपर्यंतचं माझं इंग्रजी, पण अक्षर छापल्यासारखं, आणि सरांनाही माझं अक्षर वाचायची सवय झालेली. तिसऱ्या वेळी प्रत पाठवायची होती तेव्हा हे कॉलेजात गेले होते. समोर तक्ता. नष्ट झालेले वेल, एकूण एकोणतीस. त्यांच्या कारणांचे रकाने: गुरं, कीड, माणसांनी खाल्ले. तिन्हींत शून्य. अज्ञात, दोन. मग यांनी शेवटी हाताने रेघ मारून आखलेला एक रकाना. त्याच्या डोक्यावर यांच्या शब्दाऐवजी मी दुष्काळ लिहिलं असतं तर यांना छापून येईपर्यंत कळलं नसतं. पदवी मिळाली असती. केडगावातून हलता आलं असतं, तीन खोल्या, एक कुंड्यांना, दोन आम्हाला. मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. गादीखाली पाला होता, खिडकीत कुंभारमाशी पुन्हा आली होती, आणि मला बोरीखालची माझी पाठ दिसत होती.

मी छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: ऑब्झर्व्हर, सत्तावीस.